गिअरच्या तेलाला ‘बास’ कोण म्हणणार?

आत्या, कावळा लगेच शिवला.

दहाव्याला नदीवर पिंड मांडून आम्ही मागं सरकतोय तोवरच तो आला, भाताला चोच लावली आणि निघूनही गेला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. भावकीतलं कोणीतरी म्हणालं, “लय समाधानी बाई गड्या, कशात जीव अडकला न्हाई.” शेजारच्या पारूकाकूंनी डोळ्याला पदर लावला. मला मात्र राग आला, खरंच सांगते. मी घरातून ठरवून निघाले होते. कावळा अडून बसला, की माणसं नेहमीची वचनं देतील, म्हशीचं बघतो म्हणतील, घर बंद ठेवणार नाही म्हणतील. तरी तो येणार नाही. मग मी पुढं होणार आणि सगळ्यांदेखत म्हणणार, “आत्या, गाडीचं तेल मी बघते, काळजी करू नका.” सासूच्या पिंडापुढं गिअर ऑइलची हमी देणारी सून म्हणून पंचक्रोशीत माझी चेष्टा झाली असती. ती सोसायची तयारी होती माझी. तुम्ही बोलायची वेळच आणली नाहीत. घाटाच्या पायऱ्या चढताना एकच गोष्ट मनाला टोचत होती, की एवढी जपलेली गाडी, आणि जाताना तिची काळजीसुद्धा वाटली नाही तुम्हाला?

गाडी मामांची. माझ्या सासऱ्यांना मी कधी पाहिलं नाही, भिंतीवरच्या फोटोतल्या वर्दीतच काय ते पाहिलं. फौजेत ट्रकवर होते. शेवटच्या सुट्टीत त्यांनी अंगणात पोतं अंथरून या टू-स्ट्रोक मोटरसायकलचं इंजिन उघडलं, धुतलं, पुसलं, पुन्हा बसवलं. सुट्टी संपवून गेले आणि पहाडात त्यांचा ट्रक दरीत गेला. त्यानंतर तुम्ही त्या गाडीवर बसलात. पाचवारी खोचून, मागं दुधाच्या किटल्या बांधून, एका किकमध्ये गाडी सुरू करून डेअरीत जायचात. गावानं थोडे दिवस नाकं मुरडली, मग त्याच गावानं तुमच्याकडून लिफ्ट मागायला सुरुवात केली.

मी सांगलीची. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला. लग्नानंतरही आम्ही दोघं सांगलीतच राहिलो, सुट्टीला गावाकडं. तुमच्या घरात आले तेव्हा माझ्या अंगालासुद्धा हळदीचा वास यायचा. लग्नानंतर पहिल्यांदा सांगलीला परत निघाले तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, “पोरी, येताना जरा हळद आण. बारीक दळल्याली.”

मी चांगली निवडून आणली. राजापुरी, रंगाला एक नंबर. तुम्ही चिमटीत धरून बघितलीत, पसंत पडली, आणि सरळ गोठ्याकडं निघालात. मी म्हणाले, “आवं आत्या, सैपाकघर हिकडं.”

“जेवनाची न्हाई गं,” तुम्ही म्हणालात, “गाडीची.”

मला वाटलं, झालं, सासू डोक्यानं कमी आहे आणि आमच्या माणसांनी नीट चौकशी केली नाही. तुम्ही उकिडव्या बसलात. गिअरच्या पेटीचा सांधा फडक्यानं कोरडा केलात. मग मामांचा दाढीचा ब्रश काढलात, हळदीत टेकवलात आणि सांध्यावरून, बोल्टाभोवती, खालच्या नटाभोवती हलक्या हातानं फिरवलात. गाडीची कड पिवळीधमक झाली. तेवढ्यात पारूकाकू ताक मागायला आल्या. त्यांनी हळद बघितली, तांब्या खाली ठेवला, जास्वंदीचं फूल तोडून गाडीच्या टाकीवर वाहिलं आणि हात जोडून मला विचारलं, “आज काय हाय गं?” तुम्ही मान वर न करता म्हणालात, “गळती हाय.”

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला बोलावून दाखवलंत. सगळीकडं हळद कोरडी, फिकट. खालच्या नटापाशी मात्र ती भिजून गडद, तांबूस झालेली. नुसतं फडक्यानं पुसलं तर तेल सगळीकडं पसरतं आणि कुठून आलं ते कळत नाही. हळद मात्र उगमच दाखवते. नटाखालचा वॉशर चेपला होता. तो बदलला आणि जमिनीवरचा डाग गेला. यार्डात पोत्यांनी हळद तोलणाऱ्या माझ्यासारखीला त्या दिवशी हळदीचा एक नवीन उपयोग समजला. तुमच्याबद्दलचं मत तर मी आदल्या दिवसाच्या तुलनेत पार उलटं केलं.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी बोलले नाही. संक्रांतीनंतर गल्लीत हळदीकुंकू असायचं. मला बोलावणं यायचं, तुम्हाला नाही. मी पातळ नेसून निघायची आणि तुम्ही दारात उभ्या राहून माझ्या निऱ्या नीट करायचात. पण दर रविवारी तुमची बोटं हळदीनं माखलेली असायची आणि त्यावर कोणाची हरकत नव्हती, कारण ती गाडीची हळद होती. असंच एकदा काम करताना तुम्ही मनगटानं घाम पुसलात आणि कपाळावर हळदीचं बोट उमटलं. मला दिसलं. मी सांगितलं नाही. मुद्दामच. संध्याकाळपर्यंत तुम्ही तशाच वावरलात, डेअरीत जाऊन आलात, पारूकाकूंशी बांधावर उभ्या राहून बोललात. त्यांनीही बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. तुम्हाला माहीत होतं का हो, आत्या? किती गोड दिसत होता तुम्ही.

मग तुम्ही मला हाताशी घेतलंत. तुमच्या लेकाला गाडीचा नाद नव्हता. स्कूटर बरी म्हणायचा, आणि तुम्ही पाना घेतला की त्याला नेमकं रानात काम आठवायचं. आताच्या मोटरसायकलींना इंजिनाचं आणि गिअरचं तेल एकच असतं. आपल्या टू-स्ट्रोकला तसं नाही. इंजिनाचं तेल पेट्रोलमधून जातं आणि गिअरच्या पेटीचं वेगळं, आपलं आपण भरायचं. हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी बजावलंत, कारण पलीकडच्या आळीतल्या एका शहाण्यानं पेट्रोलमधलं तेल गिअरमध्ये ओतून गाडी रडवली होती.

“आधी गाडी जरा चालू ठिवायची. लय तापवायची न्हाई, नुसती कोंबट. तेल पातळ झालं म्हंजी घाण घिऊन उतरतंय.”

“आनि खालचा नट काढायच्या आदी वरचं झाकन निघतंय का बघायचं. खालनं सांडलंस आनि वरचं निघंना, तर काय तोंडानं भरनार?”

आपल्या अंगणाला पावसाच्या पाण्यासाठी उतार. त्या उतारावर तेल नेहमी पुरेसं वाटायचं आणि नसायचं. म्हणून तुम्ही परातीत पाणी भरून ती अंगणभर फिरवली होती. जिथं पाणी चारी कडांना सारखं टेकलं, तिथं गोठ्याच्या कडेला तुम्ही शहाबादी फरशी बसवून घेतलीत. त्या फरशीवर गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करायची. बाजूच्या स्टँडवर कलती ठेवून तेल बघणाऱ्या माणसाबद्दल तुमचं मत मी इथं लिहीत नाही, तेराव्याचा विटाळ नुकताच फिटलाय.

जुनं तेल घमेल्यात उतरलं की तुम्ही त्यात दोन बोटं बुडवायचात आणि उन्हात धरायचात. राखेसारखी बारीक कणी चालते. टोचणारा तुकडा लागला तर गिअरचा दात गेला. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं. मग खालचा नट आधी हातानं फिरवायचा, आट्यात नीट बसला की मग पाना. “बैलाचा जोर लावू नगंस, अल्युमिनम हाय.” तेच काळं तेल नंतर दाराच्या चौकटीला फासायचं, वाळवी लागू नये म्हणून. आपल्या घरात गाडीचं काहीच वाया गेलं नाही.

आणि मग भरणं. पेटीच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, पातळीचा. तो काढून ठेवायचा. वरून नरसाळ्यानं हळूहळू ओतायचं. आतलं तेल त्या भोकाच्या काठाशी आलं की एक थेंब डोकावतो. तिथं थांबायचं. बाटलीवरच्या खुणेवर तुमचा काडीचा विश्वास नव्हता. “बाटलीला काय म्हाईत आत किती शिल्लक ऱ्हायलंय? भोकाला इचार.” कमी पडलं तर गिअर दात खातात. जास्त झालं तर तेल स्वतःच वाट काढतं, आणि मग आपण हळद घेऊन बसतो.

माझं काम नरसाळं आणि बाटली सांभाळायचं. “बास” म्हणायचं काम तुमचं. मामांच्या वेळेला नरसाळं तुमच्याकडं आणि “बास” त्यांच्याकडं होतं, असं तुम्ही एकदा म्हणाला होता. इतक्या वर्षांत तुम्ही मला ते काम दिलं नाहीत. पदवीधर सून, अडतीवर चार माणसांना हलवणारी, आणि इथं नुसती नरसाळंवाली. मी कुरकुर केली की तुम्ही हसून म्हणायचात, “गाई पान्यावर आल्या की कळंल.” तो वाक्प्रचार तिथं कसा लागू पडतो ते मला कधीच कळलं नाही, पण तुम्ही म्हणाल्यावर तो लागू पडायचा.

आता आपलं भांडण. ते राहिलंच.

गेल्या काही वर्षांत तेल कमी व्हायला लागलं. हळद लावली तर सगळीकडं कोरडी. खाली डाग नाही. आणि दर रविवारी भोकातून थेंब यायला थोडं थोडं जास्त ओतावं लागायचं. त्याच वेळी सायलेन्सरमधून पांढरा धूर. तुम्ही डेअरीला निघालात की गल्लीतले डास गाव सोडायचे.

मी म्हणाले, “आत्या, गाडी तेल पितीया. आतलं रबरी सील गेलंय, गिअरचं तेल इंजिनात ओढलं जातंय आनि जळतंय. क्लचची बाजू उघडू, सील बदलू, अर्ध्या दिवसाचं काम हाय.”

“पिऊ दे की. मी पाजतीया न्हवं?”

“आवं पन किती दिवस?”

“मी हाय तवर.”

दर रविवारी हेच. मी प्लग काढून काळा झालेला दाखवायची, तुम्ही तो घासून परत बसवायचात. मी धुराचा वास घ्यायला सांगायची, तुम्हाला नेमकी सर्दी झालेली असायची. बाकी सगळ्या बाबतीत एवढी नेकीची बाई, आणि या एका गोष्टीत म्हशीसारखी आडमुठी. एका रविवारी माझा तोल गेला. म्हणाले, “मामा असते तर त्यांनी कवाच उघडलं असतं!”

तुम्ही पाना खाली ठेवलात. चिडला नाहीत. पेटीच्या त्या बाजूच्या बोल्टांवरून बोट फिरवत म्हणालात, “ही बोल्टं त्यांनी आवळल्यात. मी डबी धरून बसली होती, एकेक हातात द्येत होती. त्यांची कापडं वाटली. ट्रंक गंजून गेली. ही तेवढी त्यांच्या हातानं जशी लागली तशी हायेत.”

मी त्यानंतर सील हा शब्द उच्चारला नाही. दर रविवारी गाडी तेल पीत राहिली आणि आपण पाजत राहिलो. यंत्राच्या हिशेबानं मी बरोबर होते, आजही आहे. पण एक बाई बोल्टाला पाना लागू नये म्हणून वर्षानुवर्षं उकिडवी बसून तेल भरते, याच्यापुढं माझं बरोबर असणं फार किरकोळ होतं. एवढं प्रेम मी दुसरीकडं कुठं बघितलेलं नाही, आणि ते तुम्ही कधी त्या नावानं बोलला नाहीत.

शेवटचा रविवार आठवतोय ना? तुमच्या पायावर सूज, दम लागत होता. तुमची खाट अंगणात आणली. तुमच्याकडं पाठ करून, भोकाकडं बघत मी एकटीच ओतत होते. थेंब डोकावला आणि त्याच क्षणी मागून आवाज आला, “बास.”

मी चमकून वळले. खाटेवरून भोक दिसणं शक्य नव्हतं. “तुमाला कसं कळलं?”

“थेंब दिसला की तू श्वास धरतीस,” तुम्ही म्हणालात. “कवापासनं धरतीस. मला हल्ली डोळ्यानं कुठं दिसतंय ते भोक?”

म्हणजे कितीतरी दिवस बघत मी होते आणि बास तुम्ही म्हणत होता. आपण दोघी मिळून एक माणूस झालो होतो. हे मला तुम्हाला सांगायचं होतं, पण त्याच आठवड्यात तुम्हाला सांगलीला दवाखान्यात न्यावं लागलं. मग मी डबे, गोळ्या आणि रिपोर्ट यातच राहिले.

तेरावं झालं आणि भेटायला येणाऱ्यांत हायवेवरचा तो हॉटेलवाला आला. तुमच्या माहेरकडचा लांबचा. चहा पिता पिता त्याची नजर फरशीवरच्या गाडीवर गेली. म्हणाला, “मला द्या की. आतलं तेलबील काढून टाकतो, झकास लाल रंग मारतो, हॉटेलच्या दारात चौथऱ्यावर उभी करतो. लोकं फोटो काढतील. काकूंचं नावबी ऱ्हाईल.” नाव राहील म्हणे! पिठलं-भाकरीच्या पाटीखाली.

मला वाटलं तुमचा लेक त्याला हाकलून देईल. तो म्हणाला, “बघू.” हॉटेलवाला गेल्यावर मी कडाडले. तो शांतपणे म्हणाला, “अगं, गाडी तेल पितीया. आपण सांगलीत. दर रविवारी कोन पाजनार? तू? किती वर्षं?”

“सील बदलायचं. एकदाच उघडायचं.”

“न्हाई.” अगदी तुमच्यासारखं म्हणाला. “आई असताना उघडली न्हाई, आता तर न्हाईच.”

आत्या, तुमच्या भांडणाची गादी त्यानं चालवली. फरक एवढाच की तुम्ही न उघडता गाडी जिवंत ठेवली, आणि तो न उघडता तिला चौथऱ्यावर चढवायला निघाला होता. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. परवा शनिवारी गावाकडं आलो. मी गाडी फरशीवर घेतली, हळदीचा डबा काढला, ब्रश काढला. तुमच्या लेकानं हो कळवलं होतं, हॉटेलवाला दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन येणार होता. निदान शेवटची पातळी तरी बघून पाठवावी, कोरड्या गिअरनं जाऊ नये, म्हणून बसले. स्क्रू काढला. थेंब आला नाही. येणार कुठून, तुम्ही गेल्यापासून भरलं कोणी होतं?

तुमचा लेक दारात उभा राहून बघत होता. पायरीवर बसला आणि खाली बघत बोलायला लागला.

“आई दवाखान्यात म्हनली होती. तू डबा आनायला गेल्तीस तवा. म्हनली, माझ्या मागं तिला उघडू दे. मेस्त्रीला न्हाई, तिच्या हातानं पयला बोल्ट सुटू दे. आनि आवळताना बी तिनंच आवळायचा. म्हनली, तिचा हात बसलाय आता.”

“आनि तुमी मला आज सांगताय?”

“मलाच सोसंना,” तो म्हणाला. “आप्पांचं म्हनून मलाबी तेवढंच हाय की. उघडायचं म्हंजी ते बी गेलं. त्यापेक्षा गाडीच डोळ्याआड झाल्याली बरी वाटली.” एवढं बोलून तो गोठ्यामागं गेला. मी आवाज ऐकला, पण गेले नाही. वडिलांसाठी रडायचं राहून गेलं होतं, त्याचा तो हिशेब होता, त्यात मी नव्हते.

तेव्हा मला कावळ्याचं कळलं. तुमचं सगळं सांगून झालं होतं. अडकला होता तो तुमचा लेक, पण त्याच्यासाठी कावळा थोडाच थांबतो? आणि मी उगाच तुमच्यावर रुसून बसले होते.

त्यानं हॉटेलवाल्याला फोन करून टेम्पो आणू नको म्हणून सांगितलं. काल रविवारी कराडचे मेस्त्री घरी आले. पहिला पाना मी लावला. आत्या, काय आवळले होते हो मामांनी! पहिल्या बोल्टाला पाय रोवून बसावं लागलं. तो सुटला तेव्हा कटकन असा आवाज झाला की मी हात जोडले. पारूकाकू बांधावर उभ्याच होत्या, त्यांनीही जोडले. या वेळी त्यांचं चुकलं नव्हतं. पुढचं काम मेस्त्रींनी केलं. सील निघालं ते शिळ्या भाकरीच्या कडेसारखं कडक झालेलं. मी बरोबर होते, हे ऐकायला तुम्ही नाही याचं जेवढं वाईट वाटलं तेवढं दुसऱ्या कशाचं वाटलं नाही. बोल्ट तेच ठेवले. धुतले, पुसले, तुमचा लेक डबी धरून बसला आणि एकेक माझ्या हातात देत गेला. बैलाचा जोर लावला नाही.

मग वरचं झाकण काढलं, पातळीचा स्क्रू काढला. नरसाळं आणि बाटली तुमच्या लेकानं घेतली. पहिल्यांदाच. धार वाकडी पडत होती त्याची. मी खाली बसून भोकाकडं बघत होते. बराच वेळ काही दिसेना. मग काठाशी चमकलं, आणि थेंब डोकावला.

मी श्वास धरला. धरूनच ठेवला जरा वेळ. मागं खाट होती, तिच्यावर कोणी नव्हतं. तुमचा लेक माझ्याकडं बघत होता आणि तेल भोकातून खाली फरशीवर उतरायला लागलं होतं.

“बास,” मी म्हणाले, आणि त्यानं बाटली सरळ केली.